मैत्री आणि आसक्ती : वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी एक पाठ



धम्मदीक्षा घेतल्यावर आपण घरातले देव्हारे काढले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, पंचशील म्हणू लागलो. चार आर्यसत्ये ऐकली. दुःखाचे मूळ तृष्णा आहे हेही ऐकले. मात्र ऐकलेला विचार घरात वापरताना काही वेळा फार मोठी गफलत होते. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मित्रासाठी झुरतो, जेवत नाही, तासन्‌तास मोबाईल घेऊन बसतो. मुलगी मैत्रीण रुसली म्हणून रात्रभर रडते. अशा वेळी नव्याने बौद्ध झालेले वडील पटकन म्हणतात, "ही सगळी आसक्ती आहे. भगवंतांनी आसक्ती सोडायला सांगितली आहे. सोडून दे त्याला."

हा उपदेश खरोखर भगवंतांचा आहे काय? मित्रावर जीव लावणे ही तृष्णा आहे काय? असेल तर तथागतांनी मैत्रीचा एवढा गौरव का केला? आणि नसेल तर मैत्री कोठे संपते आणि आसक्ती कोठे सुरू होते? या प्रश्नांची उत्तरे आज आपण पाहू. हा पाठ आईवडिलांनी आधी स्वतः वाचावा आणि मग मुलांसमवेत बसून पुन्हा वाचावा.

१. हे वय असेच असते

जागतिक आरोग्य संघटना दहा ते एकोणीस वर्षांच्या वयाला किशोरवय म्हणते. या वयात शरीर बदलते तसे मनही बदलते. जॉन बोल्बी (१९०७–१९९०) या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने माणसाच्या जिव्हाळ्याच्या नात्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. तान्ह्या मुलाला आईचा किंवा सांभाळणाऱ्याचा खात्रीचा आधार मिळाला, तर ते निर्धास्तपणे रांगत दूर जाते आणि भ्याले की परत येते. आधार असतो म्हणूनच ते दूर जाऊ शकते, हे त्याच्या सांगण्याचे सार आहे. किशोरवयात हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर घडते. मूल आईवडिलांपासून थोडे दूर सरकते आणि मनातले गुज मित्राला सांगू लागते. आईवडिलांचे प्रेम आटले असा याचा अर्थ नाही. घराबाहेर पाय रोवायला त्याला दुसरा आधार हवा असतो, एवढेच.

या वयाचा धोकाही समजून घ्या. २००५ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. मोटार चालविण्याचा खेळ वेगवेगळ्या वयाच्या लोकांपैकी काहींना एकट्याने आणि काहींना सोबत्यांच्या देखत खेळायला दिला. सोबत्यांच्या देखत खेळणाऱ्या किशोरवयीन मुलांनी एकट्याने खेळणाऱ्या किशोरवयीन मुलांपेक्षा पुष्कळ जास्त धोके पत्करले. प्रौढांवर मात्र सोबत्यांच्या हजेरीचा फारसा परिणाम झाला नाही. मेंदूचा जो भाग आवेग आवरतो आणि परिणामाचा विचार करतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. म्हणजे या वयात मित्र मुलाला घडवू शकतो आणि बुडवूही शकतो. म्हणून "मित्र नकोच" असे म्हणून भागत नाही. मित्र कसा असावा, हे शिकवावे लागते.

२. तथागतांनी मैत्रीविषयी काय सांगितले?

एकदा आनंद भगवंतांना म्हणाले की, कल्याणमित्र लाभणे म्हणजे धम्मजीवनाचा अर्धा भाग होय. भगवंतांनी त्यांना थांबविले आणि सांगितले की, अर्धा भाग नव्हे, कल्याणमित्रता हेच संपूर्ण धम्मजीवन आहे. संयुक्त निकायातील हा प्रसंग प्रत्येक बौद्ध घरात माहीत असला पाहिजे. ज्या शास्त्याने मैत्रीला एवढे मोठे स्थान दिले, त्याच्या नावाने मुलाला "मित्र सोड" असे कसे सांगता येईल?

सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे भगवंतांचे दोन अग्रश्रावक. त्यांची ओळख संघात झाली नाही. उपतिस्स आणि कोलित या नावांनी ते लहानपणापासूनचे जिवलग मित्र होते. राजगृहाच्या डोंगरावरची जत्रा ते दोघे मिळून पाहायला गेले होते. नाचगाणी पाहता पाहता दोघांच्याही मनात एकच विचार आला की, हे सर्व नाहीसे होणारे आहे. दोघांनी एकत्र घर सोडले आणि एकमेकांना शब्द दिला की, ज्याला आधी सत्य सापडेल त्याने दुसऱ्याला सांगावे. उपतिस्साला अस्सजी भिक्खूकडून धम्म कळला, तेव्हा तो पहिल्यांदा गेला तो आपल्या मित्राकडे. मिळालेले चांगले एकट्याने ठेवून घ्यावे असे त्याला वाटले नाही. ही मैत्री होय.

आता आसक्ती म्हणजे काय ते पाहू. तृष्णा म्हणते, "हा माझा आहे, माझाच राहिला पाहिजे, मला हवे तसेच त्याने वागले पाहिजे." मैत्री म्हणते, "याचे भले व्हावे." मित्र दुसऱ्या कुणाशी बोलला की जळफळाट होतो, त्याला पहिला नंबर मिळाला की पोटात दुखते, त्याने "नको" म्हटले तर सूड घ्यावासा वाटतो. तेथे मैत्री संपली आणि तृष्णा सुरू झाली असे समजावे. प्रेम किती आहे यावर हा भेद ठरत नाही. त्या प्रेमाचे तोंड कुणीकडे आहे, स्वतःकडे की मित्राच्या हिताकडे, यावर तो ठरतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणेच्याही पुढे मैत्रीला स्थान दिले, कारण मैत्रीला सीमा नसते. ती एकापासून सुरू होते आणि सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाते. आसक्ती एकापाशी सुरू होते आणि तेथेच कोंडून राहते.

आपल्या भागातलाच दाखला घ्या. बारवी धरणाचे पाणी जांभूळ येथील औद्योगिक विकास महामंडळाच्या केंद्रात येते, तेथे शुद्ध होते आणि पुढे गावांना व कारखान्यांना जाते. पाणी गढूळ आले म्हणून कुणी धरण फोडत नाही. गाळ खाली बसवितात, पाणी गाळतात आणि तेच पाणी प्यायला देतात. मुलांच्या मनातल्या मायेचेही तसेच आहे. ती आटवायची नाही. तिच्यातला मत्सर, हट्ट आणि खोटेपणा यांचा गाळ काढायचा आहे.

३. बाबासाहेबांचे किशोरवय

मैत्री नसलेले किशोरवय कसे असते, हे बाबासाहेबांच्या चरित्रात दिसते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून वर्गातली मुले ते उचलायला धावली. ज्या वयात मुलाला बरोबरीचे सोबती हवे असतात, त्या वयात अस्पृश्यतेने त्यांना एकटे पाडले. जात ही केवळ पाणी आणि देऊळ तोडत नाही, ती मुलांची मैत्रीही तोडते, हे लक्षात ठेवा.

भीमरावांनी पुस्तकांची सोबत धरली. चार्नी रोडच्या बागेत ते वाचत बसत. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. केळुसकर वयाने वडिलांच्या जागी, जातीने वेगळे. पण त्यांनी या मुलाला पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. एका कल्याणमित्राने दिलेले ते पुस्तक आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी यांच्यामध्ये एकोणपन्नास वर्षांचे अंतर आहे, तरी धागा एकच आहे.

पुढे १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांच्याबरोबर राहत असे. ही मैत्री जन्मभर टिकली. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा भथेनांनी त्यांना पाच हजार रुपये उसने दिले. केळुसकर बौद्ध नव्हते आणि भथेनाही नव्हते. तरी ते कल्याणमित्र होते.

४. मित्र ओळखण्याच्या कसोट्या

राजगृहात सिगाल नावाचा एक तरुण ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत असे. वडिलांनी मरताना तसे सांगितले होते, म्हणून करीत असे. अर्थ त्याला ठाऊक नव्हता. भगवंतांनी त्याची टवाळी केली नाही. त्यांनी त्याला दिशांचा नवा अर्थ दिला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्यासाठी श्रम करणारे आणि वरची दिशा म्हणजे श्रमण. या प्रत्येकाशी नीट वागणे हीच दिशांची पूजा. त्याच उपदेशात त्यांनी चार खोटे मित्र आणि चार खरे मित्र सांगितले. आजच्या भाषेत ते असे मांडता येतील.

खोटा मित्र पहिला : नेहमी घेणारा. तुझी वही, तुझे पैसे, तुझा मोबाईल त्याला हवा असतो. तुला गरज पडली की तो दिसत नाही.

दुसरा : नुसता बोलघेवडा. "भावा, तुझ्यासाठी जीव देईन" असे म्हणतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी नोट्स मागितल्या तर फोन उचलत नाही.

तिसरा : तोंडपुजा. तू चांगले कर, वाईट कर, तो मान डोलावतो. पाठीमागे तुझीच निंदा करतो.

चौथा : नाशाचा सोबती. गुटखा, दारू, जुगार, रात्रीअपरात्री रस्त्यावर भटकणे, यांतच त्याची सोबत असते. रेल्वेच्या दारात लटकून व्हिडिओ काढायला लावणारा तो हाच.

खरा मित्र पहिला : उपकार करणारा. तू गाफील असताना तो तुला आणि तुझ्या वस्तूंना जपतो. तू घाबरलास तर आसरा देतो.

दुसरा : सुखदुःखात सारखा. स्वतःचे गुपित तुला सांगतो, तुझे गुपित पोटात ठेवतो. संकटात पळून जात नाही.

तिसरा : हिताचे सांगणारा. वाईटापासून आवरतो, चांगल्याकडे वळवितो. त्याचे बोलणे कधी कधी बोचते.

चौथा : कळवळा असणारा. तुझ्या पडण्यावर हसत नाही, तुझ्या यशाने आनंदतो. कुणी तुझ्याविषयी वाईट बोलले तर तेथेच अडवितो.

मुलांनो, आपल्या मित्रांची यादी या आठांत वाटून पाहा. मग त्याच कसोटीवर स्वतःलाही घासून पाहा. तुम्ही स्वतः कुणाचे कोणते मित्र आहात? हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

५. राहुलाचा आरसा

भगवंतांनी आपला मुलगा राहुल लहान असताना त्याला एक साधी गोष्ट शिकविली. आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कृतीकडे करण्याआधी, करीत असताना आणि केल्यानंतर पाहावे. यामुळे माझे, दुसऱ्याचे किंवा दोघांचे अहित होते काय? होत असेल तर थांबावे. झाले असेल तर ते जाणत्या माणसापुढे उघड करावे आणि पुढे सावध राहावे. राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेला हा उपदेश भिक्खू व उपासकांनी वारंवार ऐकावा, असे सम्राट अशोकाने बैराट येथे मिळालेल्या शिलालेखात सुचविले आहे.

हा आरसा मोबाईलसमोर धरा. मैत्रिणीचा फोटो तिला न विचारता पुढे पाठविण्याआधी पाहा. रागाच्या भरात कुणाचे गुपित स्टेटसला टाकण्याआधी पाहा. "माझ्यावर प्रेम असेल तर फोटो पाठव" असे कुणी म्हणाले, तर त्या मागणीकडेही या आरशात पाहा. जे घरातल्या कोणत्याच विश्वासू माणसाला सांगता येणार नाही असे वाटते, तेथे पुष्कळदा अहित दडलेले असते.

६. मित्र दुसऱ्या धर्माचा असेल तर?

नव्या बौद्ध घरांतून हा प्रश्न वारंवार येतो. जांभूळ, अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर हा सारा भाग सरमिसळ वस्तीचा आहे. आगरी, कुणबी, कातकरी, ठाकूर येथे पूर्वीपासून आहेत. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी देशभरातून माणसे आली. आपली मुले या सर्वांच्या मुलांशेजारी बाकावर बसतात. मित्राने गणपतीला घरी बोलाविले तर जावे काय?

प्रतिज्ञा काय सांगते ते नीट वाचा. आपण त्या देवांना देव मानणार नाही आणि त्यांची उपासना करणार नाही, अशी ती प्रतिज्ञा आहे. शेजाऱ्याच्या घरी पाऊल टाकणार नाही अशी प्रतिज्ञा आपण घेतलेली नाही. मुलाने जावे, मित्राच्या आईला नमस्कार करावा, गोडधोड खावे. आरतीला उभे राहण्याचा आग्रह झाला तर शांतपणे सांगावे, "आम्ही बौद्ध आहोत, आम्ही पूजा करीत नाही." खरा मित्र एवढ्याने तुटत नाही. आणि वैशाख पौर्णिमेला त्याच मित्राला आपल्या घरी खीर खायला बोलवावे.

याच्या उलटही घडते. वर्गात आपली जात कळू नये म्हणून मुले आडनाव टाळतात, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो दिसेल म्हणून मित्राला घरी आणत नाहीत. आईवडिलांनो, अशा मुलावर रागावू नका. त्याला दुरावण्याचे भय वाटते. त्याला सांगा की, ज्या मैत्रीसाठी स्वतःला लपवावे लागते ती मैत्री त्याच्याशी नसून त्याच्या मुखवट्याशी आहे. आणि हे त्याला पटेपर्यंत थोडा धीर धरा.

७. मुलगा आणि मुलगी

आईबापांच्या पोटात खरी भीती येथे असते, आणि ती भीती निराधार नाही. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मारहाण करून ठार मारण्यात आले. वरच्या म्हणविणाऱ्या जातीच्या मुलीशी तो बोलतो, हा संशय त्याला पुरेसा ठरला. साक्षीदार फिरले आणि २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. कोवळ्या वयातली ओळखदेखील जातीला सहन होत नाही, हे या देशातले वास्तव आहे. म्हणून आई मुलाला म्हणते, "कुणाच्या पोरीकडे पाहू नकोस."

या भीतीपोटी आपण काय करावे? आपल्या मुलाला धोक्याची स्पष्ट जाणीव द्यावी, पण त्याच्या मनात स्वतःविषयी लाज भरू नये. अपराध मारणाऱ्यांचा होता, बोलणाऱ्या मुलाचा नव्हता. आणि तीच जात आपण आपल्या घरात पाळू नये. आपली मुलगी कुणा मुलाशी बोलली म्हणून तिची शाळा बंद करणे, मोबाईल फोडणे, घाईघाईने लग्न ठरविणे, हा धम्म नव्हे. अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. मुलांनीही जाणून घ्यावे की, अठरा वर्षांखालील व्यक्तीशी शरीरसंबंध, तिची संमती असली तरी, २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरतो. तिसऱ्या शीलाचा अर्थ या वयात साधा आहे. ओढ वाटणे हा दोष नाही. फसविणे, दबाव आणणे, शरीराची घाई करणे, "नको" ऐकून न ऐकल्यासारखे करणे हा दोष आहे. एखाद्या मुलाला मुलाविषयी किंवा मुलीला मुलीविषयी ओढ वाटली, तर त्याची थट्टा करू नये, मारझोड तर मुळीच करू नये. त्यांनाही हेच शील आणि हीच मैत्री लागू आहे.

८. मैत्री तुटते तेव्हा

सारिपुत्तांच्या निधनाची वार्ता आली, तेव्हा आनंदांना दिशा दिसेनाशा झाल्या, अंगातले बळ गेले. ते भिक्खू होते, भगवंतांच्या निकट राहत होते, तरी कोसळले. भगवंतांनी त्यांना दटावले नाही. त्यांनी विचारले, "सारिपुत्त जाताना तुझे शील, तुझी समाधी, तुझी प्रज्ञा घेऊन गेला काय?" आनंद म्हणाले की, नाही, पण तो मला शिकविणारा, धीर देणारा सोबती होता. मग भगवंतांनी अनित्यतेची आठवण दिली आणि स्वतःच स्वतःचा आधार होण्यास सांगितले. थोड्याच दिवसांनी मोग्गल्लानही गेले, तेव्हा हे दोघे नसल्याने सभा रिकामी वाटते, असे स्वतः भगवंतांनीही बोलून दाखविले. पण ते शोकात बुडाले नाहीत.

आईवडिलांनो, मैत्री तुटलेल्या मुलाशी याच क्रमाने वागा. आधी त्याचे दुःख मान्य करा. "एवढ्याशा गोष्टीला काय रडतोस" असे म्हणू नका. त्याच्या आयुष्यात ती गोष्ट एवढीशी नसते. मग विचारा, त्या मित्राकडून तुला काय मिळाले? पोहायला शिकलास, गणित समजले, हसायला शिकलास? ते तुझ्याजवळच आहे. अनित्यता शेवटी सांगा, आधी नव्हे. आधी सांगितलेली अनित्यता मुलाला निष्ठुरपणा वाटते. मूल कित्येक दिवस जेवत-झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. 'टेलिमानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र सल्ला मिळतो. मुलांवर अत्याचार होत असेल, तर १०९८ या क्रमांकावर मदत मागता येते.

९. आईवडिलांचे कर्तव्य

राहुलाला आईवडिलांच्या घरच्या माणसांना न विचारता प्रव्रज्या दिली गेली, तेव्हा शुद्धोदनाने भगवंतांना आपल्या मनाची व्यथा सांगितली. पुढे आईवडिलांच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. पालकांच्या मायेची भगवंतांनी अशी कदर केली. तेव्हा आपल्या मायेला मुलाचा शत्रू होऊ देऊ नका. त्याचे मित्र नावाने ओळखा, त्यांना घरी जेवायला बोलवा. रोज थोडा वेळ मोबाईल बाजूला ठेवून मुलाचे ऐका, लगेच उपदेश करू नका. घरात पतीपत्नी एकमेकांशी कसे बोलतात, ते पाहूनच मूल मैत्री शिकते. ज्या घरात मुलगा चूक सांगायला घाबरत नाही, त्या घरातल्या मुलाला नाशाचा सोबती सहसा ताब्यात घेऊ शकत नाही.

येत्या रविवारी वंदनेनंतर हे चार प्रश्न घेऊन सर्वांनी मिळून बसावे :

१) माझा असा कोणता मित्र आहे, जो माझी चूक माझ्या तोंडावर सांगतो?

२) मी कुणाला "माझाच राहा" म्हणून जखडून ठेवले आहे काय?

३) माझ्या वर्गात किंवा आळीत कोण एकटा पडला आहे? त्याच्याशी मी या आठवड्यात काय बोलेन?

४) आईवडिलांनी उत्तर द्यावे : तुमच्या पंधराव्या वर्षी तुमचा जिवलग मित्र किंवा मैत्रीण कोण होती, आणि तिच्याकडून तुम्ही काय शिकलात?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी लक्ष देऊन ऐकावे. मग पाच मिनिटे शांत बसून मैत्रीभावना करावी. प्रथम स्वतःसाठी, मग जवळच्या मित्रासाठी, मग अनोळखी माणसासाठी, मग ज्याच्याशी भांडण आहे त्याच्यासाठी आणि शेवटी सर्वांसाठी. एका मित्रावर लावलेला जीव असा हळूहळू रुंद करायचा असतो.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.